गर्भ टिकायला पण प्रोजेस्टेरॉन आणि राहू नये म्हणून पण प्रोजेस्टेरॉन? घरात तिघींच्या तीन गोळ्या, झाला घोळ

सोनटक्का

नमस्कार, जरा लांब लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा कारण कालपासून डोकं चालेनासं झालंय.

आम्ही ठाण्याला राहतो. घरात सासूबाई, मोठ्या जाऊबाई (मी त्यांना ताईच म्हणते), त्यांचं चार महिन्यांचं बाळ, दोघे भाऊ आणि मी. सध्या आम्ही तिघी बायका कुठली ना कुठली हार्मोनची गोळी घेतोय आणि तिघींच्या स्ट्रिप फ्रीजवरच्या एकाच स्टीलच्या डब्यात असतात. इथेच चुकलं बहुतेक.

ताई बाळाला अंगावर पाजते, बाकी वरचं काही नाही, पाणीसुद्धा नाही. दीड महिन्याच्या चेकअपला डॉक्टरांनी तिला मिनिपिल, म्हणजे इस्ट्रोजेन नसलेली गर्भनिरोधक गोळी, सुरू केली, रोज रात्री एक, मध्ये गॅप नाही. रविवारी पाकीट संपलं. सोमवारी भाऊजी ऑफिसातून येताना नेहमीचं दुकान बंद म्हणून दुसऱ्याच दुकानात गेले, रिकामं पाकीट बरोबर नव्हतं, चिठ्ठी पण नव्हती, त्यांनी आपलं सांगितलं की प्रोजेस्टेरॉनची गोळी द्या, रोज एक असते. दुकानदाराने पट्टी दिली. ताईने सोमवारी एक घेतली, मंगळवारी एक घेतली. काल बुधवारी मी माझी पट्टी बघायला डबा उघडला तर दोन पट्ट्या सेम टू सेम! दोन्हीवर नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ. म्हणजे मला पाळी पुढे ढकलायला दिलीय तीच गोळी ताई गर्भनिरोधक म्हणून घेत होती. तिच्या जुन्या रिकाम्या पाकिटावर लिहिलंय डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम. ताई तेव्हापासून रडतेय की बाळाला दुधातून काही गेलं तर नसेल ना, आणि परत दिवस राहिले तर. भाऊजी दुकानात जाऊन भांडायला निघाले होते, त्यांना कसंबसं थांबवलं.

आता माझं. यंदा गौरी पूर्वा नक्षत्रात येतायत म्हणून माझा पहिला ओवसा आहे, म्हणजे नव्या सुनेने करायची गौरीची पूजा, गावी देवरुखकडे, सुपं भरायची, सगळी भावकी जमते. आणि माझी तारीख नेमकी गौरीपूजनाला. फॅमिली डॉक्टरांनी दिवसातून तीन गोळ्या सांगितल्यात, तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायच्या. अजून केल्या नाहीत, शनिवारपासून करायच्यात. मला तसा काही आजार नाही, फक्त कधीतरी अर्धशिशी उठते, त्याआधी पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात आणि मग डोकं धरतं. ते डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं, त्यांनी विचारलं पण नाही.

आणि सासूबाई ५१ वर्षांच्या. पाळी थांबून नऊ महिने झालेत. रात्री घामाने गाऊन भिजायचा, पंखा पाचवर असला तरी उठून बसायच्या, तर त्यांना हाताला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल दिलंय आणि महिन्यातले १२ दिवस प्रोजेस्टेरॉनची २०० मिग्रॅची कॅप्सूल. जेल त्या नेमाने लावतात, घाम गेला, खूश आहेत. पण काल या सगळ्या गडबडीत कळलं की दोन महिने त्यांनी कॅप्सूल घेतलीच नाहीये. म्हणाल्या सकाळी चहाबरोबर घेतली की गरगरतं, ओट्याला धरून उभं राहावं लागतं, आणि वर परत पाळीसारखं जातं, सुटले होते एकदाची ते परत कशाला. हे चालतं का?

आणि मुख्य म्हणजे हा प्रश्न डोक्यातून जातच नाही. ताईला तिसऱ्या महिन्यात थोडं स्पॉटिंग झालं तेव्हा गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन दिलं होतं. आता गर्भ राहू नये म्हणून पण त्याच घराण्यातली गोळी. दोन्ही खरं कसं असेल?

---

काउंटरवरून

ताई, मी औषधाच्या दुकानात १९ वर्षं उभा आहे, सातारा भागात. आधी ताईंचं सांगतो, त्या रडतायत म्हणून.

दोन दिवसांत दोन गोळ्या, एवढ्याने बाळाला धोका होईल असं नाही. दुधात या औषधाचा फार थोडा अंश उतरतो. तरी बाळाच्या डॉक्टरांना एक फोन करून ठेवा, ते पण हेच सांगतील पण त्यांच्या तोंडून ऐकलं की ताईंचा जीव थाऱ्यावर येईल. गर्भनिरोधाचं म्हणाल तर दोन दिवस काहीच पोटात नव्हतं असं नाही, पण ही गोळी त्या कामासाठी दिलेली नव्हती म्हणून हिशेब सोपा ठेवायचा, त्या दोन आणि काल रात्रीची, अशा तिच्या तीन मिनिपिल चुकल्या असंच धरायचं. डेसोजेस्ट्रेलला १२ तासांची मुभा असते, त्याच्यापुढे उशीर झाला की चुकली. आजच खरं पाकीट आणा, आज रात्रीपासून सुरू करा, ठरलेल्या वेळेला, आणि पुढचे ७ दिवस कंडोम वापरा. पाकिटातल्या कागदावर पण हेच लिहिलेलं असतं, तो कागद फेकून देऊ नका. (जुन्या पद्धतीच्या मिनिपिलला तर फक्त ३ तासांची मुभा असते, त्यामुळे कुठली मिनिपिल आहे हे माहीत असणं फार महत्त्वाचं.)

आता माझ्या धंद्यातली चूक मी धंद्यात राहून सांगतो. प्रोजेस्टेरॉनची गोळी द्या म्हणणं म्हणजे वाण्याकडे जाऊन डाळ द्या म्हणणं. अहो कुठली डाळ? तूर, मूग, चणा, उडीद? शरीरात बनतं ते प्रोजेस्टेरॉन. त्याच्यासारखं काम करणाऱ्या सगळ्या औषधांना मिळून प्रोजेस्टोजेन म्हणतात, त्यात नॉरएथिस्टेरॉन आलं, लेव्होनॉरजेस्ट्रेल आलं, डेसोजेस्ट्रेल, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, डायड्रोजेस्टेरॉन, सगळी भावंडं. आय-पिल म्हणून लोक मागतात ती पण लेव्होनॉरजेस्ट्रेलच, दीड मिलिग्रॅम, संबंधानंतर ७२ तासांच्या आत एकदा घ्यायची. आणि ७५ मायक्रोग्रॅम आणि ५ मिलिग्रॅम बघून कोणी म्हणेल की अरे ही जास्त पॉवरची आहे, तसं पण नाही, रेणूच वेगळा आहे, तुलनाच लागत नाही. त्या दुकानदाराने चिठ्ठी मागायला हवी होती, चिठ्ठी नाही तर निदान कशासाठी हवी हे विचारायला हवं होतं. ही चिठ्ठीवरच द्यायची औषधं आहेत. श्रावण लागला की दिवाळीपर्यंत पाळी लांबवायच्या गोळ्यांना इतकी मागणी असते की हात आपोआप त्या खणाकडे जातो, मी हे दुसऱ्याला दोष द्यायला नाही म्हणत, माझा पण हात गेलाय कधीतरी आणि बाईंनी विचारलं म्हणून वेळेत परत घेतली. आणि पट्टी कापून देताना नाव आणि एक्स्पायरी ज्या बाजूला आहे तो तुकडा गिऱ्हाइकाकडे जायला हवा, तो आमच्याकडे राहिला की घरी नुसती पांढरी गोळी उरते, ओळखणार कशी.

आता तुमचं स्वतःचं, आणि हे नीट वाचा. शनिवारी सुरू करू नका. डोकं दुखायच्या आधी चमकत्या रेघा दिसतात त्याला ऑरा म्हणतात. नॉरएथिस्टेरॉन या डोसमध्ये, म्हणजे दिवसाला १५ मिग्रॅ, घेतलं की त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडायॉलमध्ये बदलतो, म्हणजे नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत असतं ते इस्ट्रोजेन. आणि ऑरावाली अर्धशिशी असताना ते इस्ट्रोजेन द्यायचं नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून. तसंच आधी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, घरात कोणाला झाली असेल, सिगारेट असेल, वजन जास्त असेल, लिव्हरचा त्रास असेल तर हे सगळं आधी सांगायचं असतं. पाळी लांबवायला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन पण देतात, त्याचं तसं रूपांतर होत नाही, पण ते तुम्हाला द्यायचं का ते डॉक्टर बघून ठरवतील. उद्याच जा, रेघांचं पहिल्या वाक्यात सांगा.

---

बीडची सिस्टर

मी उपकेंद्रात एएनएम म्हणजे नर्स आहे, अंगावर पाजणाऱ्या बायांना काय द्यायचं हे आमचं रोजचंच काम म्हणून लिहायले.

तुमच्या ताईंना अजून एक आधार आहे तो कोणी सांगितला नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, आणि बाळंतपणानंतर पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असल्या तर त्या काळात दिवस न राहण्याची खात्री ९८ टक्क्यांच्या वर असते. तिन्ही पाहिजेत हं, एक जरी सुटली तर धरायचं नाही. ताईंना पाळी आली का ते तुम्ही लिहिलं नाही. आली नसंल तर घाबरायचं कारण आणखीनच कमी. त्यांना सांगा दूध पाजत राहा, रडू नका, रडण्यानं दुधावर परिणाम होतो तो गोळीनं होत नाही.

मिनिपिल पाजणाऱ्या आईला चालते. साधी गर्भनिरोधक गोळी, ज्यात इस्ट्रोजेन पण असतं, ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आम्ही देत नाही. आमच्याकडं फुकट मिळणारी छाया म्हणून गोळी आहे, बाया तिला पण हार्मोनची म्हणतात, पण ती हार्मोनची नाही, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत निघालेली वेगळीच गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. पाजणारीला ती पण चालते.

आणि प्रोजेस्टोजेनचंच इंजेक्शन म्हणजे अंतरा. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १५० मिग्रॅ, दर तीन महिन्याला. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलं, महाराष्ट्र पहिल्या राज्यांमध्येच होता. बाळंतीण असंल तर सहा आठवडे झाल्यावरच देतो. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, औषध हळूहळू उतरायला पाहिजे. याच्याबद्दल मला मनापासून बोलायचंय कारण नीट न सांगता टोचलं की बाई एकदाच येते आणि परत तोंड दाखवत नाही. सुरुवातीला अवेळी डाग पडतात, कधी दहा दहा दिवस थोडं थोडं जातं, आणि वर्षभरात जवळजवळ निम्म्या बायांची पाळीच बंद होते. मग सासू म्हणते रक्त आत साठायलंय, पोट फुगंल. एका घरी तर मी चुलीपाशी बसून आजीला सांगितलं, आज्जे, पेरलंच नाही तर कापायचं काय, आतलं अस्तरच पातळ राहतं या औषधानं, साठायला रक्त तयारच होत नाही. तिनं मान डोलवली, पण सुनेला पुढच्या डोसला स्वतः घेऊन आली तेव्हा मला कळलं की पटलंय.

दुसरी गोष्ट, बंद केल्यावर लगेच दिवस राहत नाहीत, शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागतात साधारण. वर्षभरात दुसरं मूल पाहिजे असणारीला मी हे इंजेक्शन घेऊ नको म्हणते. हाडं थोडी विरळ होतात, सोडल्यावर बरीचशी भरून येतात. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात वर्षाच्या वर हे इंजेक्शन घेणाऱ्या बायांमध्ये मेंदूच्या आवरणावरच्या गाठीचा धोका काही पटींनी वाढलेला दिसला, गाठ मुळात फार क्वचित होणारी आहे पण सांगायचं ते सांगायचंच. १९८६ ला दुसऱ्या एका इंजेक्शनच्या चाचण्यांवरून, नेट-एन म्हणायचे त्याला, महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या की बायांना माहिती न देता टोचायलेत. ती भीती उगीच नव्हती. म्हणून मी कार्डावर तारीख टाकायच्या आधी पाच मिनिटं बोलते. आमच्या बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात कर्नाटकात, कारखान्यावर तारीख हुकते, त्यांना सांगून ठेवते की चार आठवडे उशीर झाला तरी चालतं पण त्याच्यापुढं नाही, तिथल्या दवाखान्यात हे कार्ड दाखव.

---

करांदे

निवृत्त प्राध्यापक आहे, रसायनशास्त्र शिकवलं, मूळ गाव राजापूर तालुक्यात. सोनटक्का, तुझा शेवटचा प्रश्न मला फार आवडला, त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. औषधं कोणी घ्यावी ते सांगणं माझं काम नाही.

दर महिन्याला बीजकोशातून बीज बाहेर पडतं. मागे राहिलेल्या कवचाचा पिवळसर गोळा बनतो, पीतपिंड, आणि तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो. हे प्रोजेस्टेरॉन दोन ठिकाणी बोलतं. गर्भाशयाला सांगतं, अस्तर स्थिर ठेव, पाहुणा येऊ शकतो. आणि मेंदूला सांगतं, एक बीज सुटलंय, आता दुसरं सोडू नकोस. गर्भ राहिला तर हाच निरोप पुढे चालू राहतो, आधी पीतपिंडाकडून आणि मग दोन-सव्वादोन महिन्यांनी वारेकडून, म्हणून तर गरोदर बाईला दर महिन्याला नवीन बीज सुटत नाही. आता तुझ्या ताईच्या दोन गोळ्या बघ. तिसऱ्या महिन्यात गर्भ आधीच होता, तिथे उपयोग होता पहिल्या निरोपाचा, अस्तर टिकवायचा. आता गर्भ नाही, बीज सुटायच्या आधीपासूनच रोज तो निरोप जातोय, तर उपयोग दुसऱ्याचा, मेंदू बीज सोडतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्राणू वर चढू शकत नाहीत, आणि महिन्याचा चढउतार न होता रोज तोच डोस जात राहिल्याने अस्तर वाढत नाही, पातळच राहतं. दोन्ही खरं आहे, फक्त वेळ वेगळी.

हे पहिल्यांदा नीट कोणाच्या लक्षात आलं तर ऑस्ट्रियात इन्सब्रुकला लुडविग हाबरलांड्ट म्हणून होते त्यांच्या. गाभण सशिणीचा बीजकोश त्यांनी दुसऱ्या सशिणीत बसवला, आणि ती काही महिने गाभणच राहिली नाही. १९२१ ला त्यांनी ते प्रसिद्ध केलं. गरोदरपणच गरोदरपण रोखतं हे त्यांनी असं दाखवलं.

आणि इथून पुढची गोष्ट मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण मोबाईल खाली ठेवायची. त्या काळचं प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं की यकृत त्याचा बहुतेक फडशा पाडायचं, फारसा उपयोग व्हायचा नाही, आणि प्राण्यांपासून काढायचं तर सोन्याच्या भावाने. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनज्ञाने मेक्सिकोतल्या जंगली कंदातून डायोस्जेनिन काढून त्याचं प्रोजेस्टेरॉन बनवलं आणि १९४४ ला तिथेच सिन्टेक्स कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या हाताखाली लुईस मिरामोंतेस नावाच्या २६ वर्षांच्या मुलाने १५ ऑक्टोबर १९५१ रोजी नॉरएथिस्टेरॉन पहिल्यांदा तयार केलं. तोंडाने घेऊन टिकणारं. तुझ्या डब्यातली ती पांढरी गोळी म्हणजे तोच रेणू, सत्तर वर्षांहून जुना.

तो मेक्सिकन कंद डायोस्कोरिया कुळातला, म्हणजे आपले करांदे आणि कोनफळ ज्या कुळातले त्याच. म्हणून माझं इथलं नाव हे. पण एक कळकळीचं सांगणं आहे, हल्ली ऑनलाइन जंगली कंदाचं क्रीम विकतात, नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन म्हणून, पाळी जाताना लावा म्हणतात. डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन करायला प्रयोगशाळेतल्या पायऱ्या लागतात, माणसाच्या शरीरात ती सोय नाही. करांदे उकडून मीठ लावून खावेत, फार सुंदर लागतात, पण त्यातून औषध होत नाही. सासूबाईंनी कॅप्सूल सोडून असल्या क्रीमवर जाऊ नये एवढ्यासाठी लिहिलं.

---

मावशी पुण्याची

बाकी सगळ्यांनी छान लिहिलंय पण मला वाटतं या तिघींत सगळ्यात काळजीचं सासूबाईंचं आहे आणि त्याच्यावर कोणी थांबलं नाही, म्हणून लिहिते. मी स्वतः चार वर्षं एचआरटीवर, म्हणजे पाळी जाताना देतात त्या हार्मोनवर आहे, आता ५६.

सोनटक्का, त्यांना आजच सांग, गर्भाशय जागेवर असताना नुसतं जेल लावायचं नाही. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं, वाढवतच राहतं, आणि त्याला आवरणारं प्रोजेस्टेरॉन नसेल तर ते अस्तर जाड होतं आणि काही वर्षांत त्यातून कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. अमेरिकेत बायका पूर्वी नुसतं इस्ट्रोजेन घ्यायच्या, १९७५ ला अभ्यास आले की गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढलाय, तेव्हापासून जोडीला प्रोजेस्टोजेन द्यायला लागले. ती कॅप्सूल जेलचा लगाम आहे. दोन महिन्यांत काही झालं असेल असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरांना खरं सांगायला हवं, लपवायचं नाही. बहुतेक सोनोग्राफी करून अस्तर किती मिलिमीटर आहे ते बघतील.

माझी एक मैत्रीण आहे, शाळेपासूनची. तिने असंच केलं, जेल चालू, कॅप्सूल बंद, का तर रक्त जातं. दोन वर्षांनी एक दिवस भाजी मंडईत उभ्या उभ्या इतकं गेलं की पिशव्या तिथेच टाकून रिक्षाने घरी आली. अस्तर १४ मिलिमीटर निघालं, तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता, देवाची कृपा, पण पेशी वाढलेल्या होत्या. आणि उपचार काय दिला माहितीये? प्रोजेस्टोजेनच, जोरदार डोसमध्ये, सहा महिने. जे टाळलं तेच.

गरगरण्याचं उत्तर सोपं आहे. ही कॅप्सूल सकाळी घ्यायचीच नसते! प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते, ती त्याची जातच आहे, म्हणून रात्री झोपताना घ्यायची. मी दहाला घेते आणि साडेदहाला गाढ, इतक्या वर्षांत अशी झोप लागली नव्हती. चहाबरोबर घेऊन ओट्याशी उभं राहिल्या तर गरगरणारच ना बिचाऱ्या. तरी त्रास झाला तर काही डॉक्टर तीच कॅप्सूल योनीमार्गातून ठेवायला सांगतात, गुंगी कमी येते. आणि परत पाळीसारखं जातं ते १२ दिवसांच्या पद्धतीमुळे, कॅप्सूल थांबली की अस्तर गळतं. पाळी जाऊन वर्ष उलटलं की बऱ्याच जणींना रोज १०० मिग्रॅची देतात, मग बहुतेकींचं जाणं थांबतं, सुरुवातीचे काही महिने थोडे डाग पडतात तेवढेच. हे त्यांना सांग, म्हणजे कायमचं नाहीये हे कळलं की त्या तयार होतील. आपल्या पिढीच्या बायकांना कोणी काही समजावून सांगतच नाही गं, गोळी हातात ठेवतात आणि पुढचा पेशंट.

कोणीतरी येऊन म्हणेलच की एचआरटीने ब्रेस्ट कॅन्सर होतो. ते २००२ च्या अमेरिकन अभ्यासावरून, १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३, औषध होतं घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनबरोबर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. वर्षाला दहा हजार बायकांमागे ३० च्या जागी ३८ जणींना झाला. म्हणजे धोका आहे, नाही असं नाही, पण आठ जास्त. सासूबाईंची कॅप्सूल वेगळी आहे, नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन, आणि फ्रान्समधल्या अभ्यासात त्याच्याबरोबर धोका कमी दिसला होता, तरी मॅमोग्राफी वेळच्या वेळी करायची.

---

बीडची सिस्टर

मावशी, अगदी बरोबर. एकच जोडते, गर्भपिशवी काढलेली असंल तर सहसा ही कॅप्सूल लागत नाही, नुसतं इस्ट्रोजेन चालतं, कारण अस्तरच नाही. आमच्याकडं अशा बाया फार आहेत. २०१९ मध्ये ऊसतोड बायांची पाहणी झाली होती, ८२ हजारांहून जास्त बायांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक पस्तिशीच्या आत. अंगावरून जास्त जातं म्हणून गेल्या आणि पिशवी काढून आल्या. आधी प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या देऊन बघता येतं, लेव्होनॉरजेस्ट्रेलची आत बसवायची तांबी पण मिळते जिच्यानं कित्येकींचं रक्त जाणं कमी होतं. महाग आहे ती, पण असते हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

निशिगंध

सोनटक्का, माझं मत वेगळं आहे, रागावू नकोस. मी पण अशा गोळ्या घेतल्यात, लग्नाला, वास्तुशांतीला, मुंजीला, एका वर्षात चार वेळा. प्रत्येक वेळी छाती दुखायची, पोट फुगायचं, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी आली की नेहमीपेक्षा जास्त. शेवटी मी सासूबाईंना सरळ सांगितलं की आली तर आली, मी बाहेर बसणार नाही आणि गोळी पण घेणार नाही. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. आता काही म्हणत नाहीत. तुला घ्यायचीच असेल तर घे, तुझा निर्णय, पण घरात एकदा विचारून तरी बघ, कदाचित त्यांना एवढं वाटत नसेल जेवढं आपण धरून चालतो.

---

काउंटरवरून

अजून एक राहिलं, पाळी लांबवायच्या या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवू नका. सुरू करायच्या आधी दिवस गेलेले नाहीत ना हे बघा, कारण गोळ्या चालू असताना पाळी येतच नाही आणि समजायला उशीर होतो. आणि कुठलीही हार्मोनची गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, किंवा अचानक एका बाजूचं दिसेना किंवा बोलता येईना तर तडक हॉस्पिटल.

---

सोनटक्का

सगळ्यांचे किती आभार मानू. आज शुक्रवार, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तिघींची एकत्रच अपॉइंटमेंट घेतली आणि आत्ता घरी आलो.

ताईला अजून पाळी आलेली नाही, म्हणजे सिस्टरनी सांगितलेलं तिन्ही जुळतंय. डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, खरं पाकीट कालच आणलं, मोबाईलमध्ये रात्री साडेनऊचा अलार्म लावलाय, ७ दिवस काळजी घ्यायची. बाळाच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की काही करायचं नाही, पाजत राहा. काल रात्री ती पहिल्यांदा नीट जेवली. भाऊजी त्या दुकानात गेले पण भांडले नाहीत, पट्टी आणि जुनं पाकीट दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. तो माणूस बराच वेळ बघत राहिला आणि पैसे परत केले.

माझ्या रेघांचं ऐकल्यावर डॉक्टरांनी नॉरएथिस्टेरॉनची चिठ्ठी फाडूनच टाकली. म्हणाल्या की वर्षानुवर्षं अर्धशिशी आहे आणि आधी रेघा दिसतात हे तुमच्या फाइलवर लाल पेनने लिहून ठेवते, पुढे कुठलीही गर्भनिरोधक गोळी घ्यायची वेळ आली तरी हे सांगायचं. बीपी, वजन वगैरे बघून मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचा पर्याय दिलाय, पण हवं असेल तरच घ्या म्हणाल्या. निशिगंध, तुझं वाचून मी येताना गाडीत सासूबाईंना विचारलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, माझ्या ओवशाला माझी आली होती, मी कोणाला सांगितलंच नाही, सुपं भरली आणि नमस्कार केला. ३० वर्षांत पहिल्यांदा बोलल्या हे. त्यामुळे आता घ्यायची का नाही ते उद्या सकाळपर्यंत ठरवते.

मावशी, त्यांनी कॅप्सूल बंद केल्याचं डॉक्टरांना स्वतःच सांगितलं, मला वाटलं लपवतील. रात्री झोपताना घ्यायला सांगितलीय, आजपासून. स्टीलचा डबा रिकामा केला, तिघींच्या तीन वेगळ्या डब्या, वर मार्करने नाव आणि वेळ. सोनोग्राफी मंगळवारी आहे, अस्तराचा आकडा आला की इथे टाकते.